लपवलेले एकोणीस दिवस

निलेशभाई दारात येऊन उभे राहिले आणि आत आले नाहीत, तेव्हाच मला कळलं.

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते बारा वर्षं आहेत, मी वॉर्डात चौदा. रिपोर्ट द्यायला आले की टेबलाला टेकून माझ्या डब्यातलं काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय हा माणूस जात नाही. त्या सकाळी तोंडावर जाड मास्क होता आणि हात मागे बांधलेले होते. मी एका बाळाला सलाइन लावत होते. "रेखाबेन, जरा बहार आवोने," ते म्हणाले. मी पट्टी नीट चिकटवली, बाळाच्या आईला हात हलू देऊ नका म्हणून सांगितलं आणि बाहेर गेले.

खोकला दीड महिना झाला होता. सुरतेत कोण खोकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरत होते. ब्लाउज सैल झाले तेव्हा बरं झालं, बारीक झाले म्हणाले. ड्युटीवर बेसिनमध्ये थुंकले आणि त्यात रक्ताचा धागा दिसला, तेव्हा कुठे मी गुपचूप बेडका तपासायला दिला. दुसरी कुणी बाई दीड महिना खोकत आली असती तर मी तिला पहिल्याच दिवशी झापलं असतं.

"टीबी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. पण कागद लगेच हातात दिला नाही. तेव्हा मी दुसरा प्रश्न विचारला. "साधा?"

"साधो नथी, बेन."

म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. मी भिंतीला टेकले. आतमध्ये ते बाळ रडायला लागलं होतं आणि मला आत जायचं होतं, पण आता मी आत जायचं नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"कुणाला सांगितलंत?"

"कोईने नथी कह्युं. पहेला तमने ज."

एवढा मान त्यांनी मला दिला. मेट्रन मॅडमनी तो दिला नाही. त्या दोन खुर्च्या लांब बसून म्हणाल्या, "रजा घे, बरी हो. स्टाफमध्ये बोलू नकोस, उगाच घबराट होईल. आणि जाताना मागच्या जिन्यानं जा." मी मागच्या जिन्यानं गेले. त्या जिन्यानं आम्ही घाणेरड्या चादरी खाली पाठवतो.

कुठून आला

हे सगळे विचारतात. खात्रीनं सांगता येत नाही, कुणालाच नाही. पण मला एक म्हातारे बाबा आठवतात. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य घालवलेले, न्यूमोनिया म्हणून दाखल झालेले. त्यांना उताणं झोपलं की दम लागायचा. मी त्यांना पाठीमागून धरून बसवायची, पाठ थोपटायची, बेडका पुसायची. त्यांचं तोंड माझ्या खांद्याजवळ असायचं. माझ्या तोंडावर जो मास्क होता तो आदल्या दिवशीचाच, कारण नवे संपले होते आणि स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर होता. पाचव्या दिवशी बाबांना दुसरीकडे हलवलं. त्यांना टीबी निघाल्याचं आम्हाला नंतर उडत उडत कळलं.

बाबांचा मला राग येत नाही. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या हातासाठीच आम्ही हे काम करतो, हेही खरं आहे. राग त्या किल्लीचा येतो.

घर

आम्ही डिंडोलीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. माझे मिस्टर दिलीप पांडेसऱ्यात डाईंग मिलमध्ये रंगखात्यात आहेत. ग्राहकानं पाठवलेल्या तुकड्याशी कापडाचा रंग जुळवायचा, हे त्यांचं काम. सासूबाई शिरपूरकडच्या, अजून अहिराणीच बोलतात, साखर आणि बीपी दोन्ही आहे. आणि प्राजक्ता, आमची एकच मुलगी, त्या वर्षी बारावी सायन्सला.

मी दारातच चप्पल न काढता सांगून टाकलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

 दिलीपनी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. सासूबाई तेवढ्या पुढे आल्या. मी ओरडले, "आई, जवळ येऊ नका!"

"कसाले वरडस?" त्या जागीच थांबल्या. "खायेल शे का काही?"

आतल्या खोलीत मी, बाहेरच्या खोलीत ते तिघं, अशी वाटणी झाली. मधल्या दाराच्या फटीतून मी त्यांचं बोलणं ऐकायची. आणि दुसऱ्या दिवशी ऐकू आला तो प्राजक्ताचा खोकला.

दोन-तीनदाच. कोरडा. मी उठून बसले. फासावर चढवताना माणसाला कसं वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं, रिपोर्टच्या दिवशीही तसं वाटलं नव्हतं. दीड महिना ती माझ्या शेजारी झोपत होती. एसी नको म्हणून पंखा लावून, खिडकी बंद करून. माझ्या ताटातला घास तिला मीच भरवला होता.

तिघांच्याही तपासण्या झाल्या. प्राजक्ताचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी देवाशी काय काय बोलले ते लिहिणार नाही. दिलीप फक्त एकदा दाराशी येऊन म्हणाले, "तुला दीड महिन्यात एकदाही वाटलं नाही का गं, की घरात पोर आहे?"

  आमचं लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण त्या वाक्यानंतर आम्ही बरेच दिवस एकमेकांशी फक्त गोळ्या, जेवण आणि पाणी एवढंच बोललो.

तिसऱ्या दिवशी प्राजक्ता स्वतः आरोग्य केंद्रावर जाऊन रिपोर्ट घेऊन आली. दाराबाहेरून म्हणाली, "मम्मी, निगेटिव्ह. सर्दी आहे मला. साधी, फडतूस सर्दी." मी उशीत तोंड खुपसून इतकी रडले की मलाच खोकल्याची उबळ आली.

बेड नंबर सात

औषधं सुरू करताना दोन आठवडे सरकारी हॉस्पिटलात राहिले. सकाळी सहाला थर्मामीटर, मग गोळ्या, मग नाश्ता, मग राउंड, दुपारी गोळ्यांनी मळमळ, चार वाजता चहा. हे सगळं मला पाठ होतं, पण उभ्यानं. झोपून पाहिल्यावर वेगळंच दिसतं. पलंगावरच्या माणसाला सिस्टरचा आधी आवाज ऐकू येतो आणि त्यावरून तो ठरवतो की आज पाणी मागायचं की नाही.

पहिल्या दिवशी कुणीतरी दारातून ओरडलं, "सात नंबर, तुमचा ईसीजी!" मी इकडेतिकडे पाहिलं, कोण सात नंबर ते बघायला. मीच होते. मीही चौदा वर्षं असंच ओरडत आले होते. त्यात वाईट हेतू नव्हता, तीस पेशंट आणि दोन सिस्टर असल्यावर नावं कुठे लक्षात राहणार. पण लागलं.

हेतलबेन नावाची सिस्टर मात्र नावानं हाक मारायची. भेस्तानहून यायची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. "रेखाबेन, नाश्तो कर्यो?" गोळ्या देऊन लगेच निघून जायची नाही, गिळेपर्यंत थांबायची आणि तेवढ्या वेळात काहीतरी फालतू बोलायची. तिच्या सासूचं, रिक्षावाल्याचं. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला वेळ कसा मिळतो?" ती म्हणाली, "नथी मळतो. चार्ट लिहायला रोज उशीर होतो, रोज ओरडा खाते." आणि हसली. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि ती पाय बदलत उभी राहायची, तशीच जशी मी राहते. ड्युटीवर आम्ही तासन् तास लघवी दाबून धरतो, दिवाळीला फराळ डब्यात घेऊन ड्युटीवर जातो, नातेवाइकांच्या शिव्या खातो. त्या सगळ्यातून एक बाई माझ्यासाठी पाच मिनिटं चोरून आणत होती. या नोकरीची किंमत मला नोकरी करताना नाही, त्या पलंगावर कळली.

शेजारच्या पलंगावर हिंगोलीच्या कमलबाई होत्या. नवरा लूमवर. त्या गोळ्या जिभेखाली धरायच्या आणि सिस्टर गेली की खिडकीबाहेर टाकायच्या. मी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "कमलबाई, मी नर्स आहे."

"मंग तुमाला कसा झाला वो बाई?"

"तुम्हाला झाला तसाच. हवेतून."

त्यांनी जिभेखालची गोळी तळहातावर काढली. "गोळ्या खाल्ल्या की लई मळमळतंय. जीव नको वाटतोय."

"मलाही. चला, दोघी मिळून खाऊ. तुम्ही उलटी केलीत तर मी भांडं धरते, मी केली तर तुम्ही धरा."

त्यांनी धरलं, मीही धरलं. दोघींच्या अंगावर हॉस्पिटलचे कपडे, आणि मला कितीतरी दिवसांनी ड्युटीवर असल्यासारखं वाटलं. कमलबाई माझ्या आधी घरी गेल्या, चालत.

एकोणीस दिवस

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

चौथ्या महिन्यात वजन वाढलं होतं, बेडका स्वच्छ होता, मी घरात सगळ्यांबरोबर बसून जेवत होते. पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या, ते मी सांगितलेलं होतं. मग एका सकाळी वर्तमानपत्र धूसर दिसलं. चष्मा पुसला. तरी तसंच. दोन दिवसांनी दाराबाहेरचा तुळशीजवळचा झेंडू मला मळकट दिसला. मी प्राजक्ताला म्हटलं, "फुलं सुकली वाटतं." ती म्हणाली, "नाही गं, ताजी आहेत."

मला त्याच क्षणी समजलं. माझ्या गोळ्यांपैकी एक गोळी डोळ्यांच्या नसेवर परिणाम करू शकते, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. रंग फिके दिसले की लगेच या, एक दिवसही थांबू नका, असं हेतलबेननं मला दोनदा बजावलं होतं. दुसऱ्या कुणाला हे सांगायची वेळ आली असती तर मीही असंच बजावलं असतं.

आणि मी गप्प बसले.

का? सोपं होतं. सांगितलं तर ती गोळी बंद होणार, कोर्स लांबणार. मला लवकर ड्युटीवर जायचं होतं. दुसरं, डोळ्यांचं कागदावर आलं की मला पुन्हा वॉर्डात कोण घेणार? ज्या नर्सला नीट दिसत नाही ती सुई कुठे टोचणार? मी चौदा वर्षांत दुसरं काही शिकलेच नव्हते. आणि तिसरं, खरं कारण म्हणजे, मला भीती वाटत होती. माहिती असलेल्या माणसाची भीती जास्त हुशार असते, ती कारणं छान शोधून देते. दोन महिने काढू, मग बघू. उद्या सांगू. सोमवारी सांगू.

एकोणीस दिवस मी घरात आंधळी कोशिंबीर खेळले. भाजी निवडताना हातानं चाचपायची. टीव्ही बघत नाही म्हणायची, डोकं दुखतं म्हणून. दिलीप रंगखात्यातला माणूस, ते घरी असले की मी रंगाचं नावच काढत नव्हते.

विसाव्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या गोळ्या काढत होते. हे काम माझ्याकडेच होतं. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट लाल, साखरेच्या गोळ्यांचं हिरवं. नाव वाचायची मला कधी गरजच पडली नव्हती. त्या दिवशी सासूबाईंची चतुर्थी होती, पोटात फक्त चहा. मी दोन गोळ्या काढल्या, त्यांच्या हातावर ठेवल्या, पाण्याचा पेला दिला.

प्राजक्ता समोर केस विंचरत होती. तिनं कंगवा टाकला आणि झडप घालून आजीचा हात धरला.

"आजी, थांब! मम्मी, या दोन्ही एकच आहेत!"

"कशा एकच?"

"दोन्ही साखरेच्या आहेत. आणि आजीनं काही खाल्लेलं नाही."

मी ती पाकिटं उजेडाकडे धरली. मला दोन्ही राखाडीच दिसली.  गोळ्यांचा डोस चुकणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी लाज. वॉर्डात मी इतकी वर्षं प्रत्येक गोळी तीनदा तपासून दिली आणि घरात, माझ्या सासूला, उपाशीपोटी.

"मम्मी, हा रंग कोणता?" प्राजक्तानं हिरवं पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरलं होतं. 

मी अंदाजानं म्हटलं, "लाल."

तिनं रडारड केली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या फोनवरून हेतलबेनचा नंबर काढला. "हेतलबेन, मी रेखाबेनची मुलगी बोलतेय. मम्मीला रंग दिसत नाहीत." मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "किती दिवस?"

"एकोणीस," मी म्हणाले.

सासूबाई त्या दोन गोळ्या अजून मुठीत धरून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माले तरी सांगतीस वं पोरी." त्यांनी मला दोष दिला असता तर सोपं गेलं असतं.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं. त्यात आकडे लपलेले असतात. पहिल्या पानावरचा मी वाचला. त्यानंतरच्या एकाही पानावर मला काही दिसलं नाही. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली. कोर्स लांबला. "नजर परत येईल का?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांची येते. लवकर आला असतात तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं."

हेतलबेन बाहेर बाकावर वाट बघत होती. तिची ड्युटी संपून गेली होती. मला वाटलं होतं समजूत घालेल. ती गुजरातीत मला खूप बोलली. सिस्टर असून तुम्ही असं केलंत, मग मी त्या अडाणी बायांना कुठल्या तोंडानं सांगू, असं. बोलता बोलता तिचे डोळे भरले. मग तिनं माझा हात धरला आणि रिक्षापर्यंत आणून सोडलं, कारण मला पायरी नीट दिसत नव्हती.

तुकडे

दिलीपना संध्याकाळी सांगितलं. मी भांडणाची तयारी करून बसले होते. ते आंघोळीला गेले, बाहेर आले, जेवले. दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना पिशवीभर कापडाचे तुकडे घेऊन आले, नमुने जुळवून झाल्यावर टाकून देतात ते.

"हा कोणता?"

"राखाडी."

"हा?"

"राखाडी. थोडा काळपट."

त्यांनी वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज कामावरून आल्यावर चहाच्या आधी दहा तुकडे. मी चुकले की ते दुरुस्त करत नव्हते, फक्त लिहायचे. पहिले तीन आठवडे काहीच बदललं नाही. मला वाटायचं, बंद करावा हा खेळ. ते म्हणायचे, "मिलमध्ये एक शेड जुळायला कधी आठवडा लागतो. पुढचा बघ."

एक दिवस त्यांनी तुकडा धरला आणि मी म्हणाले, "हा पिवळा आहे का?"

त्यांनी वही खाली ठेवली. "हो," ते म्हणाले. "हळदी पिवळा." आणि मोरीत जाऊन खूप वेळ तोंड धुवत राहिले.

पिवळा आधी आला, मग निळा. हिरवा फार उशिरा, आणि तो अजूनही मला पूर्वीसारखा दिसत नाही. वाचता येतं. पायांची बोटं बधिर आहेत, ती तशीच राहतील बहुधा. बंद चप्पल घालते, कारण काही लागलं तर कळत नाही. कोर्स संपला, बेडका स्वच्छ आहे. हॉस्पिटलनं मला परत घेतलं, पण वॉर्डात नाही, ओपीडीत. मी वॉर्ड मागितला नाही. सुई टोचायला हात शिवशिवतात, पण जोपर्यंत माझी मला खात्री नाही तोपर्यंत दुसऱ्याच्या हाताला हात लावणार नाही. मास्कचं मात्र मी परतल्याच्या पहिल्या दिवशी मेट्रन मॅडमना लेखी दिलं. किल्ली आता वॉर्डातच असते.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुम्हाला हाच आजार असेल, तर गोळ्या सोडू नका, एवढं कुणीही सांगेल. मी एवढंच जास्तीचं सांगते, की काही बदललं तर त्याच दिवशी बोला. तुम्ही नर्स असाल तर दोनदा बोला, कारण आपलं आपल्याला सगळं कळतं असं आपल्याला वाटत असतं.

फॉर्म

बारावीचा निकाल लागल्यावर प्राजक्तानं सांगितलं की तिला नर्सिंगला जायचंय.

दिलीप म्हणाले, "नाही. घरात एक पुरे."

"पप्पा, तुम्ही ऐकून तर घ्या."

"काय ऐकू? तुझ्या आईचे पाय बघ. डोळे बघ. हॉस्पिटलनं काय दिलं तिला? मागचा जिना दिला." ते माझ्याकडे वळले. "तू सांग ना हिला. तू का गप्प आहेस?"

मी गप्प होते कारण मला खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, "प्राजू, पाय दुखतील. लोक शिव्या देतील. सणाला घरी नसशील. तू ज्याची पाठ थोपटशील त्याचाच आजार तुला होऊ शकतो, आणि तेव्हा तुझ्या मागे कोण उभं राहील ते आज सांगता येत नाही."

"आणि?"

"आणि लोक तुझ्या हातात आपला जीव देतील, नाव माहीत नसताना. तसं कुणी दुसऱ्या कुणाला देत नाही."

"तू पुन्हा केलं असतंस?"

मी लगेच हो म्हणाले नाही. सासूबाई, दिलीप, सगळे माझ्याकडे बघत होते. मी कमलबाईंचा, त्या बाबांचा विचार केला, त्या तीन दिवसांचाही केला, जेव्हा हिचा रिपोर्ट यायचा होता.

"केलं असतं," मी म्हणाले. "पण पहिल्या खोकल्याला तपासलं असतं."

दिलीप उठून गॅलरीत गेले.  प्राजक्ता फॉर्म मांडीवर घेऊन बसून राहिली. दिलीप आत आले तेव्हा त्यांनी पेन मागितला, पालकाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवून दोनदा खात्री केली आणि सही केली.

"एक अट आहे," ते म्हणाले. "काहीही झालं, ताप येवो, खोकला येवो, तर त्याच दिवशी घरात सांगायचं. लपवायचं नाही."

"हो पप्पा," प्राजक्ता म्हणाली.

ते अजून तिच्याकडेच बघत होते, पण मीही "हो" म्हणाले.